तमाशा फडाचा फिरता रंगमंच

तमाशा फडाचा फिरता रंगमंच म्हणजे ढोलकी-फडाच्या तमाशासाठी एका दिवसात उभारला जाणारा आणि खेळानंतर मोडून पुढच्या गावी नेला जाणारा रंगमंच, त्याभोवतीची कनात आणि त्यास जोडलेली दिव्यांची व ध्वनीची व्यवस्था होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), पुणे, नाशिक, सातारा, सांगली व बीड या जिल्ह्यांतील गावोगावच्या यात्रांमध्ये तो प्रामुख्याने दिसतो. फडाचा हंगाम साधारणतः दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन वैशाखात संपतो. त्यातही ग्रामदैवतांच्या यात्रा चैत्रात एकवटलेल्या असल्याने कमाईच्या रात्री थोड्याच असतात. रंगमंच वेळेत उभा राहिला नाही तर त्यांपैकी एक रात्र बुडते. म्हणून उभारणीचा वेग हा तमाशात तंत्राइतकाच उदरनिर्वाहाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

मूळ तमाशाला उंच रंगमंच नव्हता. गावचा पार, चावडीसमोरील मोकळी जागा किंवा देवळाचे पटांगण यांवर खेळ होई आणि प्रेक्षक तिन्ही, कधी चारही बाजूंनी बसत. प्रकाश पलित्यांचा, पुढे गॅसबत्तीचा असे. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज आणि कडे एवढी वाद्ये व थोडी वेशभूषा बैलगाडीत मावत असे. उंची हवी असल्यास बैलगाड्या एकमेकींना जोडून किंवा रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून तात्पुरती बैठक केली जाई. ट्रॅक्टरची ट्रॉली त्याच कामासाठी आजही अनेक गावांत वापरली जाते.

तिकीट लावून खेळ करण्याची पद्धत रुळल्यावर जागा बंदिस्त करणे आवश्यक झाले आणि कनात आली. कनात म्हणजे बाजूची कापडी भिंत. फडाच्या व्यवस्थेला सरसकट ‘तंबू’ म्हटले जात असले, तरी प्रेक्षकांच्या डोक्यावर बहुधा उघडे आकाश असते आणि छत केवळ रंगमंचापुरते असते. वाहतूक बैलगाडीवरून ट्रकवर आल्यानंतर सामानाचा आकार व वजन दोन्ही वाढले.

अहिल्यानगर जिल्ह्याचा या परंपरेशी निकटचा संबंध आहे. तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचा उल्लेख केला जातो, ती पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील होती. पठ्ठे बापूराव यांच्यासह तिने केलेले खेळ विशेष गाजले. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी हे गाव चंद्रकांत ढवळपुरीकर यांच्या नावामुळे तमाशारसिकांना परिचित आहे. तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर स्वतःचा फड चालविणाऱ्या कांताबाई सातारकर संगमनेरात स्थायिक झाल्या होत्या. २५ मे २०२१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी फडाची परंपरा पुढे चालविली. याच जिल्ह्यात जामखेड येथे संगीत बारीची कलाकेंद्रे आहेत. तेथे रंगमंच कायम असतो व प्रेक्षक त्याच्याकडे येतात. ढोलकी-फडात मात्र रंगमंचच प्रेक्षकांकडे जातो.

ठरवणी व जागा

खेळ दोन प्रकारे ठरतो. यात्रा समितीने ठरलेल्या रकमेवर फड बोलावला तर त्यास ‘सुपारी’ म्हणतात. अशा खेळाला प्रेक्षकांना प्रवेश मुक्त असतो. दुसऱ्या प्रकारात फड स्वतः तिकीट लावतो. गुढीपाडव्याच्या आगेमागे पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात. नारायणगाव आणि संगमनेर ही दोन्ही गावे पुणे-नाशिक महामार्गावर आहेत.

सुपारीच्या खेळात कनात लागत नाही. त्यामुळे सामान व वेळ वाचतो. तिकिटाच्या खेळात मात्र कनातीची उंची, तिच्यातील फटी आणि प्रवेशद्वाराची जागा यांवर त्या रात्रीचा गल्ला ठरतो. जागा निवडताना ट्रक आत येऊन वळू शकेल का आणि जमीन कशी आहे, हे आधी पाहिले जाते. मुरमाड जमिनीत मेख ठोकणे कष्टाचे, परंतु ती पक्की बसते. गोदावरी व प्रवरा काठच्या काळ्या जमिनीत ती सहज आत जाते आणि तितक्याच सहज सैल होते. अवकाळी पावसानंतर अशा जमिनीत मेखा अधिक खोल व दोरापासून उलट दिशेला कलत्या ठोकाव्या लागतात. नांगरलेल्या रानात रंगमंचाच्या पायांखाली जाड फळ्या घालतात. असे न केल्यास नर्तकींच्या पावलांनी एक बाजू हळूहळू खचते.

उभारणी

उभारणीची सुरुवात आदल्या गावी ट्रक भरतानाच होते. जे आधी लागणार ते शेवटी भरायचे, हा नियम आहे. त्यामुळे मेखा, घण, दोर आणि डांब ट्रकच्या तोंडाशी असतात. पडदे व वेशभूषेच्या पेट्या त्यांच्या आत राहतात. हा क्रम चुकला की अर्धा ट्रक रिकामा केल्याशिवाय पहिली मेख हाती लागत नाही.

गावात पोहोचल्यावर प्रथम रंगमंचाची जागा व दिशा ठरते. वाऱ्याकडे पाठ करून रंगमंच लावणे श्रेयस्कर मानले जाते, कारण समोरून येणारा वारा पडदे फुगवितो आणि माइकमध्ये घरघर निर्माण करतो. त्यानंतर लोखंडी चौकटी जोडल्या जातात. या चौकटी घडीच्या किंवा खिळीने अडकविण्याच्या असतात. नट-बोल्टची संख्या जितकी कमी, तितका वेळ वाचतो आणि अंधारात हरवण्यासारख्या वस्तूही कमी होतात. चढउतार असलेल्या जागी पायाखाली पाचर मारून किंवा पेचाचे पाय फिरवून पातळी साधली जाते. जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकांना मागून दिसावे म्हणून रंगमंचाची उंची साधारण चार ते पाच फूट ठेवतात.

चौकटींवर लाकडी फळ्या येतात. फळी पातळ असेल तर ती लवचिक होऊन नाचणाऱ्यांचे पाय दुखावते. दोन फळ्यांमध्ये फट राहिली तर घुंगरांचा बोल फाटतो व पायास इजाही होते. म्हणून फळ्या टाकल्यावर एखादा माणूस सर्व रंगमंचावर जोराने पाय आपटत फिरतो आणि जेथे खडखड येते तेथे गोणपाटाची घडी सरकवितो. या तपासणीला यंत्राची जोड अद्याप मिळालेली नाही, व तिची गरजही भासलेली दिसत नाही.

रंगमंचामागे कापड लावून रंगपटाची जागा केली जाते. कपडे बदलणे, रंगरंगोटी, लहान मुलांना निजविणे, आजारी कलावंताने पडून राहणे हे सारे तेथेच होते. विठाबाई नारायणगावकर (निधन १५ जानेवारी २००२) खेळ चालू असताना रंगमंचामागेच प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, हा प्रसंग महाराष्ट्रात सर्वत्र सांगितला जातो. तो सांगताना त्यांच्या धैर्याचा गौरव होतो. ज्या कापडी आडोशात हे घडले, त्याची अवस्था मात्र सहसा सांगितली जात नाही. पाणी, शौचालय व सुरक्षित आडोसा या बाबी आजही त्या-त्या गावच्या व्यवस्थेवर अवलंबून असतात.

वीज व ध्वनी

फडाचा स्वतःचा जनरेटर असतो. तो रंगमंचापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवतात, जेणेकरून धूर व आवाज प्रेक्षकांकडे येऊ नये. उभारणीच्या घाईत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. रंगमंच लोखंडी, कलावंत अनेकदा अनवाणी आणि जमीन दवाने ओली असल्याने विजेची गळती जीवघेणी ठरू शकते. जनरेटर व लोखंडी सांगाडा दोन्ही जमिनीत ठोकलेल्या कांबीशी जोडणे, त्या जागी पाणी ओतणे आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसविणे हे त्यावरील उपाय आहेत.

ध्वनिवर्धक येण्यापूर्वी आवाज दूरवर पोहोचविण्याची सोय गायनपद्धतीतच होती. मुख्य गायक उंच पट्टीत गाई आणि झीलकरी त्याची ओळ उचलून धरीत. यामुळे शब्द मागच्या प्रेक्षकांपर्यंत जात व गायकास श्वास घ्यायला उसंत मिळे. भोंगे व माइक आल्यावर ही गरज उरली नाही, तरी पट्टी व झील शैलीचा भाग म्हणून टिकून राहिली. दुसरीकडे माइकने अभिनयाला बांधून घातले. वगातील पात्रे संवादाच्या वेळी माइककडे सरकतात आणि बोलून झाल्यावर मागे जातात, ही हालचाल पूर्वीच्या मोकळ्या वावरापेक्षा वेगळी आहे.

ध्वनीची जुळवणी करताना स्पीकर माइकच्या रेषेपुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवतात. ते मागे राहिले तर त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी सुरू होते. उघड्या मैदानात छोट्या ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. मागच्या लोकांना ऐकू यावे म्हणून पुढचे स्पीकर वाढविल्यास पुढे बसलेल्यांचे कान दुखतात. मध्यावर दुसरी जोडी उभी करण्याचा पर्याय असतो. मात्र ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ३४ मीटर मागे असलेल्या स्पीकरला एक दशांश सेकंद उशीर न दिल्यास शब्द दोनदा ऐकू येतो. ढोलकी स्वतःच बुलंद असल्याने तिचा माइक हलका ठेवतात. तुणतुण्याचा आणि घुंगरांचा आवाज मात्र उचलून घ्यावा लागतो. घुंगरांसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली माइक ठेवण्याची रीत आहे.

कायदेशीर मर्यादा

वगाच्या संहितेस महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. जागा व ध्वनिवर्धक यांसाठी स्थानिक प्रशासन आणि पोलिसांची परवानगी घ्यावी लागते.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. जिल्हा पातळीवर हे दिवस जाहीर होतात तेव्हा गणेशोत्सव व नवरात्रासारख्या सर्वत्र साजऱ्या होणाऱ्या सणांना त्यांत मोठा वाटा मिळतो. ग्रामदैवताची यात्रा मात्र प्रत्येक गावी निराळ्या तिथीला असते. त्यामुळे ही सवलत तमाशाच्या उपयोगी क्वचितच पडते.

परंपरेने तमाशा जेवणे उरकल्यावर सुरू होई आणि वग पहाटेपर्यंत चाले. १० वाजताच्या मर्यादेत गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग हा पूर्ण क्रम बसत नाही, व कात्री बहुधा वगाला लागते. नियमामागील कारणही खरे आहे. निरभ्र, थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि ध्वनी खाली वळून दिवसापेक्षा दूरवर ऐकू येतो. त्याचा त्रास आजारी माणसांना व परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना होतो. या मर्यादेचा थेट परिणाम उभारणीवरही झाला. पूर्वी ट्रक संध्याकाळी पोहोचला तरी खेळ उशिरा सुरू करून वेळ भरून काढता येई. आता तासाभराचा उशीर म्हणजे तासाभराचा खेळ कमी.

मोडणी व प्रवास

सुपारीच्या खेळात दुसऱ्या दिवशी सकाळी गावात ‘हजेरी’ होते आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. हजेरीला मोठा रंगमंच लागत नाही. म्हणून कलावंत हजेरीत गुंतलेले असताना कामगार मोडणी पूर्ण करतात. मोठ्या फडात कलावंत, वादक, वाहनचालक, स्वयंपाकी, वायरमन व उभारणीचे कामगार मिळून शंभराहून अधिक माणसे असतात. रात्री खेळ सांभाळणारे, पहाटे मेखा उपटणारे आणि दुपारी पुढच्या गावी त्या पुन्हा ठोकणारे कामगार हंगामभर ट्रकमध्येच झोप काढतात. तमाशाविषयीच्या लेखनात त्यांची नोंद फारशी आढळत नाही.

सद्यस्थिती

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तो दिवस गुढीपाडव्याचा होता. ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांत यात्रा रद्द झाल्या आणि २०२१ चा चैत्रही तसाच गेला.

अलीकडे काही यात्रा समित्या रंगमंच, स्पीकर व एलईडी पडदा स्थानिक मांडववाल्याकडून भाड्याने घेतात आणि फडाकडून केवळ खेळ मागतात. ट्रकच्या चेसिसवर बसविलेले, हायड्रॉलिक पद्धतीने उघडणारे तयार रंगमंचही मिळू लागले आहेत. यामुळे फडाचा प्रवासखर्च व वेळ वाचतो. तथापि भाड्याच्या रंगमंचावर गुळगुळीत गालिचा असल्यास घुंगरांचा बोल दबतो, आणि ऑर्केस्ट्रासाठी लावलेल्या ध्वनियंत्रणेत ढोलकीपेक्षा खर्जाचा ठोकाच पुढे येतो.

पावसाळ्यातील देखभाल

हंगाम संपल्यावर सामान मुक्कामाच्या गावी ठेवले जाते. कनात ओलसर असताना घडी केल्यास कापडाला बुरशी येऊन ते कुजते. म्हणून ती उन्हात पूर्ण वाळवून, फाटलेल्या जागी ठिगळे लावून मगच बांधतात. लोखंडी चौकटींचा गंज घासून त्यांना रंग दिला जातो, दोर तपासले जातात व चिरलेल्या फळ्या बदलल्या जातात. हा खर्च कमाई नसलेल्या महिन्यांत येतो. अनेक फडमालक तो पुढील हंगामाच्या सुपाऱ्यांवर उचल घेऊन भागवितात.