पिवळ्या काठाचं झाड

आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं पहिलं झाड म्हणजे स्नेक प्लांट. भाड्याचा फ्लॅट, एकच खिडकी, सुट्टी लागली की गावी पळायचं, आणि एवढं होऊनही न मरणारं झाड हवं. पुण्यातल्या ऑफिसच्या टेबलावर ते असतं. हिंगणघाटच्या दक्षिणेला, नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या आमच्या वडनेरात ओट्यावर रंगाच्या रिकाम्या डब्यातही ते असतं. तलवारीसारखी उभी जाड पानं, त्यावर आडव्या करड्या लाटा, आणि दोन्ही कडांना साडीला असावा तसा पिवळा काठ.

या काठाचं एक वैशिष्ट्य आहे. स्नेक प्लांटचं पान कापून तुकडे मातीत खोचले की दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात आणि पुढे नवीन कोंब येतो. पण तो येतो साधा, हिरवा. पिवळा काठ गायब. रील पाहून हे करणाऱ्यांना वाटतं आपलं ऊन कमी पडलं, खत चुकलं. तसं काही नसतं. पिवळ्या काठाचं झाड हे मुळात एक झाड नाही, एकाच पानात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन जातींच्या पेशी आहेत. काही पेशींना हरितद्रव्य बनवता येतं, काहींना येत नाही. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब येतो तो आतल्या हिरव्या पेशींपासून, आणि काठाच्या पेशी मागेच राहतात.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उमगली. 1907 मध्ये जर्मनीत हान्स विंकलर यांनी टोमॅटो आणि कांगुणीच्या वर्गातल्या झाडाचं कलम करून दोन्हींच्या पेशी असलेला कोंब मिळवला. सिंहाचं तोंड आणि बकरीचं धड असलेल्या ग्रीक राक्षसिणीवरून त्याला 'कायमेरा' हे नाव दिलं. 1909 मध्ये एर्विन बाउर यांनी पांढऱ्या काठाच्या जिरेनियमवरून दाखवलं की हे थरांचं प्रकरण आहे. त्याच वर्षी कार्ल कोरेन्स यांनी आपल्याकडे अंगणात असते त्या गुलबक्षीवर काम केलं. ठिपक्यांच्या पानांच्या गुलबक्षीत रोप हिरवं होणार की पांढरं, हे बी कोणत्या फांदीवर धरलं त्यावर ठरतं. पराग कोणत्या फांदीचा होता याने फरक पडत नाही. म्हणजे हा वारसा फक्त आईकडून येत होता. मेंडेलच्या नियमांत न बसणारा हा आनुवंशिकतेचा पहिल्या काही पुराव्यांपैकी एक.

म्हणून पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट वाढवायचा घरगुती मार्ग एकच: जमिनीखालचं आडवं खोड कापून पिल्लू वेगळं करायचं. आज तुमच्या कुंडीत काठ आहे, कारण कुणीतरी आधी अशी वाटणी केली, त्याच्या आधी आणखी कुणीतरी. ही साखळी मागे मागे धरत गेलं की आपण पोचतो काँगोला.

या जातीचं नाव 'लॉरेंटाय'. एमिल लॉरेंट हे बेल्जियममधल्या जांब्लू इथल्या कृषिसंस्थेत प्राध्यापक होते. 1903-04 मध्ये ते वनस्पती गोळा करायला काँगोत फिरले आणि 1904 मध्ये परतीच्या प्रवासात बोटीवरच वारले. त्यांच्या संग्रहाचा अभ्यास ब्रुसेल्समध्ये एमिल डी वाइल्डमन यांनी केला आणि पिवळ्या काठाच्या झाडाला लॉरेंट यांचं नाव दिलं. बागवानांनी ते उचललं आणि ते युरोपातल्या दिवाणखान्यांत गेलं.

आता तारखा बघा. 1885 ते 1908 या काळात काँगो बेल्जियम देशाची वसाहतही नव्हता, तो राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता होता. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि जगाला रबर हवं झालं. काँगोच्या जंगलात रबर वेलींमधून मिळत असे. गावागावाला कोटा ठरवून दिला. तो भरला नाही तर सैनिक येत. काडतूस शिकारीत वाया घालवलं नाही, हे दाखवायला सैनिकाला मेलेल्या माणसाचा उजवा हात कापून आणावा लागे. हिशेब जुळवायला जिवंत माणसांचेही हात कापले गेले. 1904 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी एक फोटो काढला: नसाला नावाचा बाप ओट्यावर बसलाय, समोर त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाऊल. अशा पुराव्यांमुळेच ओरड इतकी वाढली की 1908 मध्ये राजाला काँगो बेल्जियमच्या सरकारकडे सोपवावा लागला.

लॉरेंट यांनी कुणाचा हात कापला असं कुणी म्हणत नाही. पण ज्या नदीमार्गांवरून रबर बाहेर जात होतं, त्याच मार्गांनी झाडंही बाहेर गेली, आणि त्यांच्या संग्रहाची यादी लिओपोल्डच्या त्या राज्याच्याच नावाने छापली गेली. झाडाला प्राध्यापकाचं नाव मिळालं. ते झाड दाखवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या, पेट्या उचलणाऱ्या माणसांचं नाव लेबलवर नाही. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी विलायतेच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जायचा, तेव्हाही वेचणारणीचं नाव गाठोड्यावर नसायचंच. म्हणून हे समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

या झाडाची दुसरी कीर्ती म्हणजे हवा शुद्ध करणं. त्याचं मूळ 1989 च्या नासाच्या एका अभ्यासात आहे. त्यात लॉरेंटाय होतं हे खरं, पण प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 कुंड्या लागतील असा हिशेब निघाला. 'रात्री ऑक्सिजन देतं' हेही अर्धवट आहे. ते रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, म्हणजे दिवसा पाणी उडत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात ते टिकतं ते यामुळे. ऑक्सिजन तयार व्हायला मात्र ऊनच लागतं.

राहिली छाटणी. पानाचं टोक वाळलं म्हणून मधूनच कापू नका. ते पान पुन्हा वाढत नाही, बोथट राहतं. खराब पान मातीलगत काढा. पिवळ्या काठाच्या कुंडीत एखादं पूर्ण हिरवं पिल्लू आलं तर ते खोडापासून वेगळं करून दुसऱ्या कुंडीत लावा. त्याच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून ते जोरात वाढतं आणि काही वर्षांत काठाच्या झाडाला दाबून टाकतं. सुरी स्वच्छ हवी, कापलेला भाग दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा, आणि ऐन पावसाळ्यात हे काम टाळावं, नाहीतर सडतं.

पिल्लू मैत्रिणीला द्याल तेव्हा 'लॉरेंटाय' हे नाव सांगा, आणि ते काँगोतून कोणत्या वर्षी आलं तेही सांगा. काठ फक्त वाटणीतूनच पुढे जातो. ही गोष्टही तशीच जाईल.