कागद जाळणारे आणि कागद राखणारे

12 मे 1875 हा सुप्याच्या बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. आजच्या दौंड आणि बारामतीचा बराचसा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि सुपेही त्यातच. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून आपण हे शाळेत दोन ओळींत शिकतो. पण दंगेखोरांना काय हवं होतं, ते त्या दोन ओळींत येत नाही. त्यांना हवे होते कागद. खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. मुकाट्याने कागद काढून देणाऱ्या सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागदांची मात्र होळी झाली.

याची पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातल्या करड्यात पडली होती. डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतलं. गावाने काळूरामवर बहिष्कार टाकला. न्हावी, परीट, पाणक्या, सगळे बंद. कारणं दूरची होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं तसा कापसाचा भाव कोसळला, आणि 1867 च्या फेरजमाबंदीत सारा वाढला. पण शेतकऱ्याला समोर दिसत होती ती सावकाराची वही. तिच्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं, आणि तरी अंगठा मात्र त्याचाच होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आणला. त्यानुसार कोर्टाला कर्जाचा मागचा हिशेब उकरून पाहता येऊ लागला. पण वही सावकाराकडेच राहिली. न्यायमूर्ती रानडे आणि वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याचा खटाटोप केला, तो लंडनहून आलेल्या नकाराने संपला. वही शेतकऱ्यांच्या हाती आली ती 1904 च्या सहकारी पतपेढी कायद्याने. नमुना जर्मनीतल्या रायफायझनचा होता. एका गावची माणसं एकत्र येतात, आपल्यातूनच पंच निवडतात, आणि ते पंच कुणाला किती कर्ज द्यायचं ते ठरवतात.

या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गावच्या पतपेढीत जबाबदारी अमर्यादित होती. संस्था बुडाली, तर प्रत्येक सभासदाचं घरदार त्यात ओढलं जाणार. म्हणून पंचांनी कुणाला कर्ज दिलं याची चौकशी चावडीवर बसलेला प्रत्येक जण करत असे. निवडणूक हा त्या राखणीचा एक भाग होता, सगळी राखण नव्हे.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं. गोरवाला समितीच्या 1954 च्या अहवालाने दाखवून दिलं की पन्नास वर्षांनंतरही शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा नगण्य आहे. उपाय सुचवला तो असा: संस्था मोठ्या करा, जबाबदारी मर्यादित करा, भागभांडवलात सरकारने उतरावं. उपाय चुकीचा नव्हता. पैसा खरोखरच गावात आला. पण पैसा वरून येऊ लागला तशी नजरही वर वळली. शेजाऱ्याने बुडवलं तर माझं काय जातं, हा प्रश्न पहिल्यांदाच विचारता येऊ लागला.

आज शिरूर-दौंडच्या कुठल्याही गावात ‘सोसायटीची निवडणूक’ म्हटलं की दोन पॅनेल, कपबशी नाहीतर विमान असलं चिन्ह, आणि रात्रीची जेवणं डोळ्यासमोर येतात. मार्चअखेर ‘नवं-जुनं’ करायचं, म्हणजे जुनं कर्ज कागदोपत्री फेडून नवं उचलायचं. दौंडचा भीमा-पाटस काय, न्हावऱ्याचा घोडगंगा काय, सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिलेले हे साखर कारखाने. निवडून आलेलं संचालक मंडळ असूनही दोन्हींवर हंगाम बंद ठेवण्याची वेळ आली. मतदान होत होतं. राखण होत होती का, हा वेगळा प्रश्न आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हा प्रश्न मला दुसऱ्या बाजूनेही भेटतो. डेबियन ही संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक बांधतात. 1998 पासून त्यांची लिखित घटना आहे, आणि प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. पण त्या घटनेतली खरी ताकद वेगळ्या कलमात आहे: सभासद ठराव मांडून प्रमुखाचा निर्णय फिरवू शकतात. विकिपीडियामागच्या विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळात 2004 पासून लेखक-संपादकांनी निवडलेले प्रतिनिधी बसतात. मात्र कायद्याच्या भाषेत त्या संस्थेला सभासदच नाहीत. लाखो लोकांनी लिहिलेली ही वही, पण विश्वस्त मंडळाला सभेत उभं करण्याचा कायदेशीर हक्क त्यातल्या कुणालाही नाही.

तो हक्क आपल्या गावच्या सोसायटीच्या सभासदाला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार एका सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. दरवर्षी सर्वसाधारण सभा आणि लेखापरीक्षण बंधनकारक. एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर संचालक मंडळाला विशेष सभा बोलवावीच लागते. डेबियनवाल्यांनी जे घटनेत लिहून घेतलं, ते आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात आहे.

सप्टेंबरात गावोगाव वार्षिक सभा होतात. अहवाल वाटला जातो, ‘मंजूर, मंजूर’ म्हणून आवाज उठतो आणि चहा येतो. दीडशे वर्षांपूर्वी याच माळावर माणसांनी वाचता न येणारे कागद जाळले. आता अहवाल मराठीत छापलेला असतो आणि वाचताही येतो. मंजूर म्हणायच्या आधी तो उघडायचा, एवढंच उरलंय.