ठिणगीचा माग

"सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडत नाही." मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत ही तक्रार निदान अर्धशतकभर ऐकू येत होती. मेकॅनिक त्यावर फारसं काही विचारत नसे. आधी एक प्लग काढून हुंगायचा. ओला असेल, वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय. मग त्या प्लगची वायर कोरड्या फडक्यात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर आणायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं, "मार सेल्फ." टोकातून निळी ठिणगी चट् चट् करत उडाली तर करंट आहे, मग टायमिंग बघायचं. पिवळट, मरतुकडी निघाली तर करंट कमजोर. काहीच निघालं नाही, तर न आलेल्या त्या ठिणगीचा माग काढत प्लगकडून बॅटरीकडे उलटं जायचं.

या कौशल्याला अलीकडे सरसकट 'जुगाड' म्हणून लोक मोकळे होतात. तो त्या मेकॅनिकवर अन्याय आहे. करंटची वाट मध्येच तोडायची, अर्धा भाग निर्दोष ठरवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच करायचं, अशी त्याची रीत होती आणि तिला पक्की शिस्त होती. ही रीत चालली याचं कारण जुन्या इग्निशनच्या रचनेत आहे. तिच्यातला प्रत्येक भाग सुटा होता, डोळ्यांना दिसत होता आणि स्क्रूड्रायव्हरने उघडत होता. हे भाग मात्र एका डोक्यातून किंवा एका काळात निघालेले नव्हते. प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली वाकलेला मेकॅनिक दीडशे-एक वर्षांच्या इतिहासात हात घालत असे.

सुरुवातीच्या सगळ्याच मोटारींना ठिणगी लागत नव्हती. डाइम्लरच्या इंजिनात पेट्रोलची वाफ पेटवायला ज्योतीने तापवलेली नळी असे. म्हणजे पेट्रोलच्या यंत्राला लागूनच उघडी ज्योत! कार्ल बेन्झने १८८६च्या आपल्या तीनचाकीसाठी बॅटरी, कॉइल आणि विजेची ठिणगी हा मार्ग धरला आणि त्यापायी तो बराच छळला गेला. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. वाटेत इग्निशनच्या वायरचं आवरण घासून गेलं, तेव्हा तिने पायमोज्याचा पट्टा गुंडाळून काम भागवलं असं सांगतात. पुढच्या शतकात चिकटपट्टीने जे हजारो वेळा झालं, त्याची ही बोहनी.

बॅटरीची कटकट नको म्हणून मॅग्नेटो पुढे आला. श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉशने १८८६ सालीच कारखाना थाटला होता. त्याचा मॅग्नेटो चुंबकाच्या जोरावर इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज काढी. १९०२मध्ये बॉशचा अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून स्पार्क प्लग तयार केला. पाहता पाहता युरोपभरची इंजिनं त्यावर चालू लागली. ब्रिटन तर इतका विसंबून राहिला की १९१४मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू होताच मॅग्नेटो आणायचे कुठून, असा पेच पडला. भारतात बॉशचं तंत्र रुजलं ते बंगळूरमध्ये. १९५१मध्ये तिथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, उभी राहिली आणि मायकोचा प्लग खेड्यातल्या दुकानातही मिळू लागला.

प्लगच्या वायरला ठिणगी नाही म्हटल्यावर अनुभवी मेकॅनिक चारही वायरींच्या मागे लागत नसे. तो डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपीतली मधली जाड वायर उपसे, तिचं टोक इंजिनाजवळ धरी आणि स्विच ऑन ठेवून स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडझाप करी. इथे ठिणगी उडाली, तर कॉइलपर्यंतचं सगळं ठीक. दोष टोपीत, रोटरमध्ये नाहीतर वायरींत. एका मिनिटात अर्धी गाडी निर्दोष सुटली.

टोपीचा शत्रू पाणी. तिच्या आतल्या बाजूला ओल धरली किंवा बारीक तडा गेला की हजारो व्होल्टची वीज प्लगकडे जायच्या ऐवजी त्या तड्यातून परस्पर बॉडीत उतरते. तडा पेन्सिलीने ओढलेल्या काळ्या रेघेसारखा दिसतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात अडकलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर बॉनेट उघडून टोपी पुसत उभा आहे, हे मुंबईच्या जुलैमधलं ठरलेलं चित्र होतं. त्यात फक्त मुंबईचा पाऊसच दोषी होता असं नाही. १९५९च्या ब्रिटिश मिनी गाडीत डिस्ट्रिब्युटर थेट पुढच्या जाळीमागे बसवला होता, त्यामुळे इंग्लंडच्या पावसातही ती बंद पडे आणि मालक त्यावर रबरी हातमोजा चढवत. आपल्याकडे तेच काम प्लॅस्टिकच्या पिशवीने केलं.

टोपीखालचा रोटर हा सगळ्यात साधा भाग. बॅकेलाइटच्या तुकड्यावर पितळेची एक पट्टी. पण तो नसेल तर गाडी हलत नाही. १९४० साली जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटिश सरकारने उभ्या गाड्या निकामी करून ठेवण्याचा नियम काढला, तेव्हा लोक रोटर काढून खिशात घालून घरी जात. चोराला चकवायला भारतातल्या गाडीमालकांनीही हीच युक्ती वापरली. सकाळी तो परत बसवायला विसरलेल्या मालकाची गाडी 'करंट येत नाही' म्हणून गॅरेजात ढकलत आणली गेली, तर त्यात नवल नाही.

मधल्या वायरलाही ठिणगी नसेल तर प्रकरण कॉइलकडे जातं. कॉइलचा इतिहास मोटारीहून बराच जुना आहे. फॅरेडेने १८३१मध्ये विद्युत प्रवर्तन दाखवून दिलं. त्यानंतर पाच वर्षांनी आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन नावाच्या धर्मगुरू प्राध्यापकाने लोखंडाच्या गाभ्यावर जाड आणि बारीक अशा दोन तारा गुंडाळून कमी दाबाच्या विजेतून प्रचंड दाबाची वीज काढली. दाब मोजायचं साधन नव्हतं, तेव्हा कॅलन विद्यार्थ्यांना तारा धरायला लावून त्यांना किती जोराचा झटका बसतो ते बघे. पॅरिसमधला जर्मन कारागीर रुमकॉर्फ याने हीच कल्पना इतकी सुधारली की १८६४मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याआधी १८६०मध्येच लेन्वारने आपल्या गॅसच्या इंजिनात रुमकॉर्फची कॉइल बसवून ठिणगी पाडली होती. पद्मिनीच्या कॉइलमध्ये तत्त्व तेच: एका गुंडाळीत काहीशे वेढे, दुसरीत हजारो, बारा व्होल्ट आत आणि दहा-वीस हजार व्होल्ट बाहेर.

पण कॉइल नुसता करंट देऊन काम करत नाही. करंट अचानक तोडावा लागतो. तोडण्याच्या क्षणीच उच्च दाब उसळतो. बेन्झच्या आणि पुढे फोर्डच्या मॉडेल टीच्या काळात हे काम थरथरणारी पट्टी करी. मॉडेल टीमध्ये अशा चार कॉइली लाकडी पेटीत बसवलेल्या असत आणि त्यांचा गुंजारव ड्रायव्हरला ऐकू येई. ठिणग्यांचा सडा पडे, पण वीज वाया जाई. ओहायोमधल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने यावर तोडगा काढला. तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून नाव मिळवून होता. त्याने १९०९मध्ये साथीदारांसह डेल्को ही कंपनी काढली आणि १९१०च्या कॅडिलॅकला असं इग्निशन दिलं की सिलिंडरला वेळेवर एकच नेमकी ठिणगी मिळावी. दोन वर्षांनी त्याचाच सेल्फ स्टार्टर आला. हँडल मारणं संपलं, गाडीला डायनॅमो आणि कायमची बॅटरी मिळाली, आणि रस्त्यावरच्या मोटारींतून मॅग्नेटो हळूहळू मागे पडला. डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये गेली, आणि जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत अख्ख्या डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणत.

केटरिंगच्या पद्धतीतला कळीचा भाग म्हणजे पॉइंट, करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यातून जळणं, खड्डे पडणं, मध्ये कचरा अडकणं ओघानेच आलं. अँबेसेडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरचा गॅप १४ ते १६ थाऊ, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. फीलर गेज नसेल तेव्हा जाडसर व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावणारेही होते, आणि गाडी घरी पोचत असे. लुकासच्या मालाची इंग्लंडमध्ये मात्र फार चेष्टा होई. रसिकांनी जोसेफ लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी देऊन टाकली होती. त्याच कंपनीची भागीदारी घेऊन १९६१मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस उभी राहिली.

पॉइंटशेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. १८५३मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याने रुमकॉर्फच्या कॉइलला कंडेन्सर जोडायचं सुचवलं. प्रकाशाचा वेग जमिनीवर मोजून दाखवणारा हाच तो फिझो. कंडेन्सर नसेल तर पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडते, करंट झटकन तुटत नाही आणि प्लगला जोर मिळत नाही. बिघडलेला कंडेन्सर मोठा लबाड. थंड असताना गाडी मुकाट सुरू होते, गरम झाली की सिग्नलवर मरते, आणि टोचन लावून गॅरेजात आणेपर्यंत थंड होऊन पुन्हा सुरू होते. पॉइंट वारंवार काळे पडत असतील तर मेकॅनिक पॉलिश पेपर घासत न बसता कंडेन्सर बदलत.

यापुढे अंदाज संपतो आणि टेस्ट लॅम्प हातात येतो. बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या स्क्रूला. स्विच ऑन करून इंजिन फिरवलं की पॉइंट उघडल्यावर दिवा लागायला हवा, मिटल्यावर विझायला हवा. उघडझाप होत असेल तर पॉइंट बरे आहेत. संशय कॉइल आणि कंडेन्सरवर. दिवा सतत लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा त्यांच्यावर काजळी आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली बारीक वायर आवरणाच्या आत तुटली आहे. ही शेवटची शक्यता सगळ्यात त्रासदायक, कारण व्हॅक्युमने पॉइंटखालची पट्टी हलते तशी ती तुटकी वायर कधी जुळते, कधी सुटते. दिवा लागलाच नाही तर तो कॉइलच्या स्विचकडच्या स्क्रूवर लावून बघायचा. तिथे लागला तर कॉइलची गुंडाळी तुटली आहे किंवा पॉइंट-कंडेन्सर कुठेतरी बॉडीला चिकटला आहे. तिथेही अंधार असेल तर इग्निशन स्विच, फ्यूज, नाहीतर बॅटरीचं गंजलेलं टर्मिनल. एका दिव्यावर एवढा निवाडा होत असे.

या शाळेला विद्यार्थी मिळाले ते कुर्ल्यामुळे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मार्च १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाट. १९५४च्या सुमारास ११०० आली, तिची सुरुवातीची गुबगुबीत गाडी 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी नव्या औद्योगिक धोरणामुळे शिवडीतली जनरल मोटर्सची जोडणी बंद पडली. पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४मध्ये पद्मिनी. आतलं १,०८९ सीसीचं इंजिन जवळपास तेच राहिलं. कल्पकतेच्या नावाने ही बाब लाजिरवाणी होती, पण मेकॅनिकच्या दृष्टीने सोन्याची. १९६५मध्ये शिकलेलं १९९५मध्येही चालत होतं. मुंबईच्या ऑपेरा हाउसला आणि पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग मिळत, आणि उमेदवारीला आलेला पोरगा वर्षभरात पॉइंट लावायला शिके.

अमेरिकेत तोवर हे सगळं संपलं होतं. क्रायस्लरने १९७३च्या आणि जनरल मोटर्सने १९७५च्या गाड्यांपासून तिथे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. भारतात बदल आला तो नव्या प्रदूषण-निकषांबरोबर, साधारण २००० सालापासून, एमपीएफआयच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंधन-फवाऱ्याच्या, रूपाने. त्याच सुमारास मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे पेट्रोलवर कशीबशी खपून जाणारी थकलेली कॉइल किंवा चिरलेली टोपी गॅसवर लगेच उघडी पडे. नव्या गाडीत वायर उपसून ठिणगी बघण्याची जुनी रीत चालत नाही. व्होल्टेज बरंच जास्त, झटका जीवघेणा आणि मोकळ्या वायरमुळे महागडं मोड्यूल जळण्याची शक्यता. तिथे स्कॅनर लावावा लागतो आणि तो सांगेल तो भाग अख्खा बदलावा लागतो.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी फियाटी अजून आहेत आणि पॉइंटचा गॅप लावणारे हातही, पण चांगला कंडेन्सर मिळणं अवघड होत चाललंय. चकचकीत खोक्यातला नवा कंडेन्सर पहिल्याच उन्हाळ्यात दगा देतो, अशी जुन्या गाड्या राखणाऱ्यांची तक्रार असते. तेव्हा ज्यांच्या घरी पद्मिनी किंवा अँबेसेडर आहे त्यांनी गाडीतला जुना, चालता कंडेन्सर उगाच बदलू नये. बदललाच तर फेकू नये, कागदात गुंडाळून टेस्ट लॅम्पसोबत डिकीत ठेवावा.