अभ्यासक्रम कुणाच्या मुलासाठी?

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची यादी त्यात आहे: मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेती, नीती, आरोग्य. जुन्या पंतोजींच्या शाळेतही मोडी आणि पावकी-निमकी होतीच. मग शेती कशाला? महसूल रयतेच्या कष्टातून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, ही फुल्यांची तक्रार होती. त्यांच्या यादीतलं मूल शेतकऱ्याचं आहे.

म्हणून जुना अभ्यासक्रम हाती आला की नुसते विषय मोजू नका. तो कुणाच्या मुलासाठी लिहिलाय, ते विचारा. आणि एक लक्षात ठेवा, ही मागणी आहे. वर्गात मुलं खरंच काय शिकली, हे तपासनिसांच्या अहवालांत, आत्मचरित्रांत शोधावं लागतं.