शिक्का, मोर्तब आणि ईमेल

शिवकाळात पत्राचा खरेपणा शिक्क्यावरून पारखला जाई. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर अष्टकोनी मुद्रा असे, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. मजकूर तिथेच संपला. मागाहून ओळ घुसडायची सोय नाही.

तरीही ‘ध’चा ‘मा’ झालाच, असे लोक सांगत राहिले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना पकडण्याच्या हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांच्या काकू आनंदीबाईंनी केले, ही आख्यायिका.

फसव्या ईमेलची खोडही तीच. बँकेच्या पत्त्यातले एखादे अक्षर बदलायचे आणि ‘आजच खाते बंद होईल’ म्हणून घाई करायची. अशा वेळी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा, लिंक दाबू नये, पासबुकावरच्या क्रमांकावर विचारावे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.