कुरवंजीची पृथ्वी

चेन्नईत अण्णा नगरच्या टॉवर पार्कातला मनोरा तुम्ही संध्याकाळी चढताय. १९६८च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी तो उभारला होता. पुढे एक आजी नातवाशी तंजावरी मराठीत बोलत चालल्यात. शब्द ओळखीचे, हेल तमिळ. त्या हेलामागे वळत वळत वर जा. रस्त्यावरचे हॉर्न विरत जातात, आणि एका वळणावर समईतल्या तेलाचा वास येतो.

तुम्ही तंजावरच्या मराठा राजांच्या राजवाड्यात आहात. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. मृदंगावर थाप पडते आणि कुरवंजी येते: कमरेवर टोपली, हातात काठी, गळ्यात मण्यांच्या माळा. ही डोंगरातली भविष्य सांगणारी बाई. विरहात झुरणाऱ्या नायिकेपुढे तिने आपला डोंगर, आपले धबधबे वर्णावेत आणि मग हात पाहावा, ही या खेळाची जुनी रीत. आज मात्र ती पृथ्वीच गाऊ लागते. खंडं, समुद्र, देशोदेशीची नावं, आणि तीही मराठी पदांत! मागे रंगवलेला पडदा नाही. तिचा तळवा फिरतो तिकडे तुम्हाला पाणी दिसतं.

नाटक 'देवेंद्र कुरवंजी'. लिहिणारे सरफोजीराजे दुसरे. १७९९च्या तहाने त्यांचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. हाती राहिला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले, पुस्तकं आणि नकाशे जमवले, पण समुद्र कधी ओलांडला नाही. न पाहिलेली पृथ्वी त्यांनी पंडिताच्या तोंडी दिली असती, तर तो नुसता पाठ झाला असता. त्यांनी ती रानोमाळ हिंडणाऱ्या बाईला दिली, जिच्या पायांवर लोकांचा आधीच विश्वास होता. कल्पनेची खरी करामत मला इथे दिसते. नकाशाला पाय फुटले.

मराठी नाटकाची सुरुवात ज्यापासून मानतात, ते 'सीतास्वयंवर' सांगलीला झालं १८४३ साली. सरफोजी वारले १८३२मध्ये. मराठी नाटकाची गोष्ट सांगताना आपण तंजावर विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सरफोजींच्याच घराण्यातले तंजावरचे शहाजीराजे तर त्यांच्याही शंभरएक वर्षं आधी मराठीत नाटकं लिहीत होते.

कुरवंजी टोपली खाली ठेवते. मृदंग थांबतो.

मनोऱ्याच्या माथ्यावर वारा आहे. नातू गच्च्यांपलीकडे बोट दाखवून विचारतो, तिकडे काय आहे? आजी कठड्यावरून हात लांब करतात आणि सांगू लागतात.