पाटीवर नाव कोणाचे?

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करण्याच्या छंदाला एडमंटनचा लांबलचक हिवाळा फार मानवतो. तळघरातल्या फळीवरची माझी जहाजे पाहून पाहुणे हमखास विचारतात, "हे कुठलं हो?" म्हणून प्रत्येकाखाली सागवानी पाटी बसवायचे ठरवले. पण तिच्यावर कोरायचे काय? उत्तर शोधता शोधता मी मुंबईच्या गोदीत पोहोचलो.

सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजे बांधायला मुंबईत आले. म्हणजे तेही नोकरीसाठी गाव सोडून आलेले! त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेले 'कॉर्नवॉलिस' १८०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने विकत घेतले. पुढे ते नाव दुसऱ्या नव्या जहाजाला हवे होते, म्हणून १८११ मध्ये याचे नाव 'अकबर' झाले. या जहाजाची एक गोष्ट सांगतात. त्याच्या पोटात, तळाच्या तुळईवर, कोणाला सहज दिसणार नाही अशा जागी जमशेटजींनी कोरून ठेवले होते की, हे जहाज एका 'काळ्या' माणसाने बांधले, सन १८००. सोबत इंग्रजांच्या तोंडची शिवीही होती. बाहेरचे नाव मालकाने बदलले. आतल्या अक्षरांना मात्र कोणी हात लावला नाही.

जमशेटजींनीच १८१७ मध्ये बांधलेल्या 'ट्रिंकोमाली'चेही नाव मध्यंतरी 'फुद्रोयाँ' झाले होते. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलामुळे टिकतात. या दीर्घायुष्याचे एक रहस्य तेच.

हाच साग पाटी कोरताना मात्र हत्यारांची धार लवकर घालवतो. त्यात देवनागरीची शिरोरेषा लाकडाच्या रेषांबरोबरच धावते आणि पटाशी पुढे निसटू पाहते. म्हणून रेषेच्या दोन्ही टोकांना आधी आडवा छेद द्यावा. चिकटवण्यापूर्वी मागची बाजू ॲसिटोनने पुसावी, नाहीतर तेलकटपणामुळे गोंद धरत नाही.

आपण इंजिनिअर मंडळी आयुष्यभर जे बांधतो, त्यावर नाव कंपनीचे असते. कंपनी विकली गेली की तेही बदलते. त्यात तक्रार नाही, पगार मिळतो! पण घरच्या फळीवर तरी हिशेब चुकता असावा. माझ्या पाटीवर वर जहाजाचे नाव आहे आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'जमशेटजी बमनजी वाडिया, मुंबई, १८१७'.